सप्रेम भेट

लहानपणी मला सगळ्यात जास्त वेळा काय सांगितलं गेलं असेल, तर ‘तू बस’. भाताच्या आवणीला सगळं घर चिखलात उतरलं की मी बांधावर, इरल्याखाली. शाळेत कवायतीची शिट्टी झाली की गुरुजी माझ्याकडे नुसतं बघायचे आणि मी आपली सावलीत जाऊन सगळ्यांच्या दप्तरांची राखण करायचे. लग्नघरात बायका कामाला उठल्या की कुणीतरी लगबगीनं माझ्याकडे पाट सरकवायचं. डावा पाय पोलिओनं गेलेला. चामड्याचे पट्टे आणि लोखंडी पट्ट्या असलेला कॅलिपर चढवला, गुडघ्याची कडी खाली पडून पाय ताठ अडकला, की मी उभी राहायचे आणि चालायचेही. पण कोणी ते बघायला थांबलं तर ना! ‘बस’ म्हणणाऱ्यांत एकही माणूस दुष्ट नव्हता, हीच तर पंचाईत. दुष्ट माणसाशी भांडता येतं. माया करणाऱ्याशी भांडलं की आपणच कृतघ्न ठरतो. भीक नको पण कुत्रं आवर, असं मी जन्मभर मनात म्हणत आले, आणि आता वय झालंय तर उघड लिहून टाकते. पायानं मला जेवढं मागं ठेवलं नसेल तेवढं या मायेनं ठेवलं.

आमचं गाव साजगावच्या अलीकडे. बाबा अर्धे शेतकरी आणि अर्धे फिटर. भात कापणीला आलं की कारखान्यात खाडे, आणि कारखान्यात जादा काम निघालं की आईचा भात एकटीनं झोडायचा त्रागा. घरात घड्याळ होतं, पण आईचा विश्वास कारखान्याच्या भोंग्यावर. सकाळचा भोंगा व्हायच्या आत तांदळाची भाकरी तव्यावरून उतरून बाबांच्या डब्यात गेलीच पाहिजे. भाकरीबरोबर कांद्यात परतलेली सुकट, नाहीतर वालाचं बिरडं. मोड आलेले वाल सोलायचं काम माझं, कारण ते बसून करायचं. ढीगभर वाल मी सोलले असतील, आणि मला वाल आवडत नाहीत. पाऊस सरून हवा कोरडी झाली की घाट चढणाऱ्या गाडीच्या मागं लावलेल्या इंजिनांची धाप आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायची. थोरला दादा म्हणायचा, ‘बघ, गाडीला पण मागून ढकलायला लागतं. कोण तिला बस म्हणत नाय.’ दादा असं काहीतरी बोलून जायचा आणि विसरून जायचा. मी मात्र विसरले नाही.

एकदाच या ‘तू बस’नं माझं भलं केलं. सुमनवहिनी, म्हणजे दादाची बायको, घरीच बाळंत व्हायची होती. कळा सुरू झाल्या तशी पळापळ. कुणी पाणी तापवतंय, कुणी सुईणीला आणायला गेलंय, कुणी जुन्या लुगड्यांच्या घड्या उसकटतंय. मी दारात उभी. आई माझ्या अंगावर जवळजवळ आदळली आणि ओरडली, ‘तू बस गं तिच्यापाशी! काय मधी मधी करतीस!’ मी बसले. वहिनीनं माझा हात असा धरला की बोटं मोडतात की काय. सुईण आल्यावरही तिनं तो सोडला नाही, म्हणून मला कुणी बाहेर काढू शकलं नाही. बाळाचं डोकं दिसलं, मग खांदा, मग एकदम सगळंच. त्या दुपारी मी ठरवलं की मला हेच करायचंय. दुसरं काही नाही. डोळ्यांचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर, यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मला बाळंतपणं करायची होती.

लोकांना वाटतं, अपंगांच्या राखीव जागेवर मेडिकलला प्रवेश मिळाला की गड सर झाला. मलाही वाटलं होतं. गावात पेढे वाटले, देवीची ओटी भरली. मुंबईला गेल्यावर कळलं की दार उघडून मला आत घेतलं होतं ते पाहुणीसारखं. शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती सगळे उभे, वॉर्डात राऊंडला सगळे उभे. मीही राहायचे. कडी लावून तासन्‌तास उभी राहायचे आणि खोलीवर गेल्यावर पट्ट्यांनी सोललेली मांडी मिठाच्या पाण्यानं धुवायचे. नुसतं उभं राहणं मला जमत होतं. मला जमत नव्हतं ते एकच. दोन्ही हात कामात गुंतलेले असताना पुढे वाकणं. कॅलिपरचा पाय खुंटासारखा ताठ, त्यामुळे पुढे वाकलं आणि आधाराला हात नसला की तोल गेलाच. आणि बाळंतपण करायचं म्हणजे नेमकं तेच करायचं असतं. तेव्हा मला हवं होतं फक्त एक उंच, घट्ट स्टूल. आमच्या प्रसूती विभागाच्या मोठ्या मॅडम स्वतः स्टुलावर बसून टाके घालायच्या. पण मी स्टूल मागितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बाळा, मी बसते ती वीस वर्षं उभी राहिल्यावर.’ त्यांचं बसणं हे त्यांच्या अनुभवाचं, आणि माझं बसणं हे माझ्या उणेपणाचं. याला उत्तर काय द्यायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. आत्ता सुचतंय, पण मॅडम नाहीत.

त्यामुळे मुंबईतल्या इंटर्नशिपमध्ये माझ्या वाटणीची बाळंतपणं इतर मुलामुलींनी केली आणि मी नोंदी लिहिल्या. ‘तू बस, तुझं अक्षर छान आहे.’ शेवटी मी मॅडमना सरळ विचारलं की पुढे मला या विभागात घेणार का. त्या म्हणाल्या, ‘तुझी ग्रामीण पोस्टिंग राहिलीय ना? तिथे स्वतःच्या हातानं बाळंतपणं करून ये. मग बघू. नाहीतर बसून करण्याच्या शाखा काही कमी नाहीत.’ एवढं साधं होतं गणित. त्या पोस्टिंगमध्ये माझ्या हातून बाळ जन्माला आलं तर मला हवी ती वाट उघडी, नाहीतर जन्मभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचं. मी आमच्याच खालापूर तालुक्यातलं एक आरोग्य केंद्र मागून घेतलं. घरून जाऊन येऊन करता येईल, आईच्या हातचं खाता येईल, आणि आपल्या माणसांत अडवणार कोण? ही माझी अक्कल.

केंद्राच्या डॉक्टरांना सगळे साहेब म्हणत. कर्जतच्या जुन्या, शिकल्यासवरल्या घरातले, गोड बोलणारे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बघितलं, पायाकडे बघितलं, डोळे ओलावले, आणि मला केसपेपरच्या खोलीत नेऊन बसवलं. खिडकीतून पेशंट नाव सांगणार, मी लिहून घेणार. ‘इथे पंखा आहे, उन्हाची तिरीप येत नाही. तू बस, बेटा. तुला काही त्रास होऊ देणार नाही मी.’ मी म्हटलं, ‘सर, मला लेबर रूममध्ये काम करायचंय. एक उंच स्टूल मिळालं तर मी बसून बाळंतपण करू शकेन.’

‘बसून?’ साहेबांना खरोखरच धक्का बसला. ‘अगं, पेशंटच्या घरच्यांना काय वाटेल? बाळंतपणाला डॉक्टर उभा असला पाहिजे. आणि स्टूल आहे कुठे आपल्याकडे? एक होतं, त्यावर पाण्याचा माठ ठेवलाय.’

मी रोज सांगत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी. साहेब चिडायचे नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. ते उलट आपल्या डब्यातला लाडू मला द्यायचे. लाडू फार सुरेख असत, हे सांगायला मला आजही राग येतो. लेबर रूममध्ये सगळं काम शैला सिस्टर करायच्या. त्यांचा स्वभाव रोखठोक. ‘मॅडम, तुमी शिका, माझी ना नाय. पण तुमी पडलात पेशंटवर, तर साहेब मला इचारतील.’ त्यांचंही चूक नव्हतं. जन्मभर मला भेटलेल्या कुणाचंच काही चूक नव्हतं!

एका संध्याकाळी हे सगळं मी घरी ओकले. बाबा पायरीवर बसून पान खात होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘किती उच पायजे?’ मला भिंतीशी उभं केलं, खडूनं खूण केली, ओट्याकडे बघितलं, पुन्हा पुसून दुसरी खूण केली. मग कित्येक दिवस ते कारखान्यातून उशिरा यायचे. मोडीतले पाईप, एका जुन्या मशीनचा मळसूत्री दांडा, रबराचे बूच. सगळं सुपरवायझरला विचारून घेतलेलं, हे ते आईला तीन तीनदा सांगायचे. तयार झालं ते स्टूल असं होतं की बैठक फिरवली की वरखाली व्हायची, डावीकडे माझा ताठ पाय टेकवायला आडवी पट्टी होती आणि बैठक पुढच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे वाकताना शरीर आपोआप पुढे जावं. आईनं कापूस भरून वर रेक्झिन शिवलं. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला उशी ठेवून मी त्या स्टुलावर बसले आणि दोन्ही हात पुढे करून वाकले. तोल गेला नाही. मी पुन्हा वाकले. माझे दोन्ही हात एकाच वेळी मोकळे, पुढे, आणि मी पडत नाहीये, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. आई म्हणाली, ‘आता रडतीस कशाला गं? चांगलं झालंय ना?’ आणि स्वतः पदर डोळ्याला लावला.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढची चूक फक्त आमच्याकडचीच माणसं करू शकतात. आमच्याकडे देवळाच्या घंटेपासून शाळेच्या कपाटापर्यंत कुठलीही वस्तू नाव घातल्याशिवाय दिली जात नाही. पंख्याच्या पात्यांवर नाव घालतात. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, पण वीज गेल्यावर वाचता येतं, आणि वीज आमच्याकडे बऱ्याचदा जायची. सरकारी दवाखान्यात वस्तू न्यायची म्हणजे अशी उघडीबोडकी कशी न्यायची? बाबांनी मला न सांगता ते स्टूल शिळफाट्याला नेलं. तिथे ट्रकच्या मागची अक्षरं रंगवणारा पेंटर होता. त्यानं स्टुलाला चंदेरी रंग दिला, बैठकीच्या खालच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना कमळं काढली आणि मधोमध तांबड्या अक्षरात लिहिलं, ‘सप्रेम भेट’. खाली बाबांचं नाव, गाव, सगळं. बाबा फार खूश होते. मीही म्हटलं, छान दिसतंय.

साहेबांना तर भरूनच आलं. त्यांनी सरपंचांना बोलावलं, नारळ फोडला, स्टुलाला हार घातला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. साहेबांनी भाषण केलं की एका कष्टकरी बापानं आपल्या अपंग लेकीसाठी, आणि या केंद्रासाठी, काय करून दाखवलंय ते सगळ्यांनी बघावं. टाळ्या. फोटो. आणि मग साहेबांनी शिपाई काशिनाथला सांगितलं, ‘केसपेपरच्या खोलीत ठेवा. आता आमच्या कुंदाला बसायला त्रास नाही.’

मी म्हटलं, ‘सर, ते लेबर रूमसाठी केलंय.’

‘वेडी की काय! तिथे रक्तापाण्यानं खराब होईल. भेटवस्तू आहे, वडिलांचं नाव आहे तुझ्या त्यावर.’ त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. बाबा माझ्याकडे बघत होते, साहेबांकडे बघत होते, आणि हार घातलेल्या स्टुलाकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी स्टूल डेडस्टॉकला चढलं, म्हणजे सरकारी मालमत्ता झालं. वस्तू पळवल्या जातात म्हणून काशिनाथनं त्याला साखळी घालून खिडकीच्या गजाला कुलूप लावलं. देव देतो आणि कर्म नेतं, म्हणतात. माझ्या बाबतीत कर्म बिचारं उगाच बदनाम झालं. नेलं ते पेंटरच्या तांबड्या रंगानं. माझ्याच मापाचं, माझ्याचसाठी केलेलं स्टूल, आणि त्यावर बसून मी केसपेपर लिहीत होते! ते त्या कामाला फार उंच होतं. टेबलाशी वाकून वाकून पाठ धरायची.

मग हिरा आली. ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली, अंगानं बारीक, दुसरं बाळंतपण. नवरा आणि सासू तिला खांद्याच्या आधारानं उतरवून, पुढे टेंपोत घालून घेऊन आले होते. साहेब काशिनाथला घेऊन जीपनं खालापूरला मीटिंगला गेलेले. कुलपाची किल्ली काशिनाथच्या खिशात. सिस्टरनी हिराला तपासलं आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी त्यांच्या मनात काय आलं देव जाणे. म्हणाल्या, ‘सगळं सरळ हाय. साहेब नायत. करताय? मी बाजूलाच हाय.’

मी हातमोजे घातले. टेबलाच्या पायथ्याशी उभी राहिले, कडी दोनदा चाचपून बघितली. डावी मांडी टेबलाच्या कडेला रेटून धरली. हिरा फारशी ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती आणि कळ आली की तोंडानं हं हं करत होती. मी तिला म्हटलं, ‘छान करतीयेस, आता जोर लाव.’ डोकं दिसायला लागलं. एक हात डोक्यावर ठेवायचा, दुसरा खाली आधाराला धरायचा, आणि वाकायचं. मी वाकले. मांडी टेबलावरून सरकली, ताठ पाय मागे घसरला आणि मी आडवी गेले. हिराच्या अंगावर पडले नाही, एवढंच. बाजूच्या लोखंडी कठड्याला कोपर अडकलं. सिस्टरनी मला खांद्यानं बाजूला लोटलं आणि ओरडल्या, ‘मॅडम, तुमी बसा!’ बाळ त्यांच्या हातात आलं. मुलगी होती. तिनं चांगला टाहो फोडला. मी भिंतीला टेकून फरशीवर बसले होते, आणि माझे मोजे कोरडे होते.

सिस्टरनी नंतर मला चहा करून दिला. साहेबांना काही सांगितलं नाही. हिराच्या सासूनं जाताना माझ्या पायाकडे बघून हात जोडले, ते कशासाठी ते मला कळलं नाही. केसपेपरच्या खोलीत आले तर समोर ते स्टूल, साखळी घातलेलं, कमळांसकट, वाळका हार अजून तसाच. दोन खोल्या पलीकडे. दोन खोल्या पलीकडे होतं ते!

घरी पोहोचले तेव्हा शेतात पोपटी लावलेली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरून मडकं पालथं घातलेलं आणि भोवती पेंढ्याचा जाळ. बाबा मडक्यावर पाणी शिंपडून शिजलं का ते बघत होते. दादा, वहिनी, शेजारचे, सगळे हसत होते, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले. ‘कशाला घातलंत त्याच्यावर नाव? कुणी सांगितलं होतं? दान करायचं होतं तर देवळात करायचं! माझं काम होतं ते, माझं! तुमच्या नावानं घालवलंत!’ आई म्हणाली, ‘अगं, बापाशी कसं बोलतीस?’ वहिनीनं मला धरलं. मी सगळं सांगितलं, घसरल्याचं, कोरड्या मोज्यांचं. बाबांनी जाळ बाजूला सारला, मडकं सुलटं केलं आणि पाल्यातून शेंगा काढून माझ्यापुढे ठेवल्या. ‘खा,’ म्हणाले. मला वाल आवडत नाहीत हे त्यांना माहीत होतं. तरी मी खाल्ले, कारण रडताना दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

सकाळी भोंगा झाला तरी बाबा घरात होते. माझ्याबरोबर निघाले. हातात कारखान्याची पिशवी. केंद्रात पोहोचल्यावर ते सरळ केसपेपरच्या खोलीत गेले, पिशवीतून पॉलिशपेपर काढला आणि खाली बसून ‘सप्रेम भेट’ घासायला सुरुवात केली. खरखर आवाज ऐकून साहेब धावत आले.

‘अहो, हे काय करताय? सरकारी मालमत्ता आहे ती!’

‘साहेब, चूक झाली माझी. ती सुधारतोय.’ बाबांनी मान वर केली नाही. ‘भेट दिली आसती तर सरकारची झाली आसती. ही भेट नाय. कारखान्यात माझा पाना हाय, त्याच्यावर माझं नाव ठोकलंय. तो काय मी कारखान्याला भेट दिल्याला नाय. माझ्या हातात तो नसंल तर मशीन उघडत नाय, म्हणून तिथं हाय. तसंच हे. पोरीचं हत्यार हाय. हत्याराला कोण हार घालतं का कामाच्या दिवशी?’

साहेबांचा चेहरा पडला. ते रागावले नव्हते, दुखावले होते. ‘मी तिला किती जपलं, तुम्हाला कल्पना नाही.’

‘जपलंत की,’ बाबा म्हणाले. ‘लय जपलंत. आमी पण तेच केलं.’ आणि एका कमळावरून पेपर फिरवला. पेंटरनं रंग चांगला वापरला होता, लवकर जात नव्हता. दारात सिस्टर उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच साहेबांसमोर म्हणाल्या, ‘साहेब, द्या ना आत. माझी पण कंबर दुखती, मी पण बसंन.’ साहेबांनी एकदा त्या साखळीकडे बघितलं. मग काशिनाथला म्हणाले, ‘कुलूप काढ. आणि नोंद खोडायची ती मी बघतो.’ जाता जाता मला म्हणाले, ‘पण जबाबदारी तुझी.’ मी म्हटलं, ‘माझीच होती सर.’

पुढच्याच आठवड्यात साजगावच्या एका कामगाराची बायको आली, आणि मी त्या स्टुलावर बसून, ताठ पाय पट्टीवर टेकवून, दोन्ही हातांनी तिचा मुलगा झेलला. आनंद झाला का? झाला. पण खरं सांगायचं तर आधी राग आला. इतका राग की सिस्टरना वाटलं काहीतरी बिघडलं. इतकं सोपं होतं! एवढंसं लोखंड आणि थोडा कापूस, आणि एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं वाल सोलले, नोंदी लिहिल्या, लाडू खाल्ले. मॅडमनी पुढे मला विभागात घेतलं, कुरकुरत. पोस्टिंग संपताना मला वाटलं, स्टूल इथेच राहू दे, सिस्टरना होईल, मागून माझ्यासारखं कुणी आलं तर त्याला होईल. साहेब म्हणाले, ‘खाजगी वस्तू ठेवता येणार नाही, बेटा. ठेवायची तर रीतसर भेट दे, मी डेडस्टॉकला घेतो.’ मी ते टेंपोत घातलं.

तेव्हापासून जिथे जिथे काम केलं तिथे तिथे ते माझ्याबरोबर गेलं. बाबा गेले, साहेबही गेले. रेक्झिन मी कितीदा बदललं, आणि मळसूत्राला अजून तेल घालते. ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं, पण स्टूल मला अजून गाडीच्या डिकीतून न्यावं लागतं. परवा एका कॉलेजनं मला एका समितीवर बोलावलं. एक विद्यार्थिनी, कुबड्या घेऊन चालणारी, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम करू शकेल का हे ठरवायचं होतं. ‘मॅडम, तुम्ही बसा,’ करत मला खुर्ची दिली. अध्यक्षांचा सूर फार हळवा होता. आपण तिला जपून घेऊ, बसून करण्याच्या शाखा काही कमी नाहीत. मोठ्या मॅडमचंच वाक्य, शब्दाला शब्द. मग त्यांना कुणीतरी माझ्या स्टुलाबद्दल सांगितलेलं आठवलं आणि ते उजळून म्हणाले, ‘ते स्टूल आमच्या संग्रहालयाला द्याल का? काचेच्या कपाटात ठेवू. खाली सुंदर पाटी लावू, सप्रेम भेट म्हणून.’

मी शिपायाला किल्ली देऊन स्टूल डिकीतून वर आणवलं. मुलगी दाराबाहेर कुबड्यांवर टेकून उभी होती. तिला आत बोलावलं, बैठक तिच्या मापाला फिरवली. टाके शिकवायला मी स्पंजाचा तुकडा आणि सुई-धागा जवळ ठेवतेच, तो समितीच्या टेबलावर मांडला. ‘बस,’ मी म्हटलं, ‘आणि टाका घालून दाखव यांना.’ तिनं कुबड्या भिंतीला लावल्या, बसली आणि कामाला लागली. हात चांगला होता. सगळे वाकून बघत होते. अध्यक्ष म्हणाले, ‘छान, छान. पण मॅडम, व्यवहाराचं बोलू. हे स्टूल प्रत्येक वॉर्डात कोण नेऊन ठेवणार?’

मी त्यांच्या खुर्चीकडे बघितलं. ‘तुमची खुर्ची कोण नेऊन ठेवतं?’ मी विचारलं. ‘तिच्यावर तर कुणाचं नावसुद्धा नाही.’

मुलीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती दुसऱ्या टाक्याला लागली होती.